बनाबाईची टोपली

भोरच्या बाजारात सुकट-बोंबील विकणारी बनाबाई तोंडाची भलती फटकळ होती. गिऱ्हाईक बोंबील हुंगायला लागलं की खेकसायची, "नाक घरी ठिवून यायचं!" तिचा माल हर्णैची धाकूबाई धाडायची, वरंधा घाटातून, एसटीच्या टपावर. टोपली रिकामी परत पाठवायची नाही, असा दोघींचा रिवाज. बनाबाई तीत तांदूळ भरून वरचं फडकं लुगड्याच्या काठानं बांधायची. धाकूबाई मासळीवरचं फडकं जाळ्याच्या सुतळीनं बांधायची.

एकाहत्तरच्या मार्गशीर्षात लढाई पेटली. होड्यांना समुद्रबंदी झाली; पण धाकूबाईचा नवरा न्‌ दोन्ही पोरं त्याआधीच होडी घेऊन गेली होती, असं कंडक्टरनं सांगितलं. त्या दिवसापासून बनाबाई कुणाशी भांडेना. आभाळात घार दिसली तरी विमान समजून ती वर बघत राहायची. तरी तिनं टोपली तांदळानं भरून धाडली.

पुढच्या बाजाराला ती टोपली टपावरून उतरली, चांगली जड. "सुकट आली!" म्हणत बाया धावल्या.

बनाबाईनं गाठ पाहिली आणि सोडायला नेलेला हात मागं घेतला. गाठ लुगड्याच्या काठाची होती.

"हर्णैच्या स्टँडवर न्यायला कुणी आलंच न्हाई," कंडक्टर खाली बघत म्हणाला.

"सोड की गं लवकर!" बाया ओरडल्या.

बनाबाईनं पदराचा काठ टर्रकन फाडला आणि त्याच गाठीवर दुसरी गाठ आवळली.

"परत न्या," ती म्हणाली. "आज न्यायला आली असंल ती."