विगनच्या खिडकीचा चुना

सानगडीत कुंताबाईच्या चुन्याला तोड नव्हती. दुकानातला चुना ती हातातसुद्धा घ्यायची नाही. म्हणायची, "तो भिंतीले लावा, तोंडाले नोको." उन्हाळ्यात तलाव आटला की ती गाळात उतरून शिंपले वेचायची, गोवऱ्यांच्या जाळात भाजायची आणि पांढरेफटक झाले की वर पाणी शिंपडायची. शिंपले फुसफुसत फुटायचे, त्यांचं पीठ व्हायचं. फडक्यातून गाळून डबीत भरलं की झालं. तिच्या हातचा चुना तंबाखूला लावला तर जीभ पोळत नाही, असं गल्लीतल्या बायका सांगत. जीभ काय, कुंताबाईच्या बोलण्यानंच पोळायची.

नवरा कवडू गेल्यावर धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, तिनं बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला दिली होती. एकुलता एक भुपेंद्र दुबईच्या हॉटेलात स्वयंपाकी. तिथंच काम करणाऱ्या मारिसेलशी त्यानं लग्न केलं. पोरगी फिलिपिन्सची. बातमी आली त्या दिवशी कुंताबाईनं चूल पेटवली नाही. "कोनाची कोन, खातेत काय, नेसतेत काय," असं तिचं रडगाणं चाललं. पण पोरीनं हळूहळू फोनवरून तिला जिंकलं. दुबईत शिकलेल्या हिंदीत ती "माँ, खाना खाया?" विचारायची, आणि कुंताबाई सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन घेऊन मुद्दाम ओसरीत यायची.

यंदा दोघं मंडईला यायचे होते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा गेलेली पोरंबाळं घरी येतात. त्याच्या आधी भुपेंद्रचा फोन आला.

"माय, मारिसेलच्या मायनं तुह्यासाठी पार्सल पाठवलं हाय. आलं की ठेवून दे. काय हाय ते मारिसेल आल्यावर सांगन."

"सांगाले कायले पायजे? मले डोळे हायेत न," कुंताबाई म्हणाली.

पार्सल आलं तेव्हा शेजारची धुरपता बसलेलीच होती. तिच्यासमोरच कुंताबाईनं ते उकललं. आत कागदात गुंडाळलेले चपटे, चौकोनी, पातळ तुकडे होते. जुन्या नखासारखे पिवळसर. कुंताबाईनं एक वाजवून पाहिला, दाताखाली धरून पाहिला. जन्म शिंपल्यांत गेलेला, तिला ओळखायला कितीसा वेळ!

"पाय व धुरपता! विहीनबाईले माहा शौक समजला. समुद्रापलीकडून शिंपले पाठवले. अन् कापूनसुद्धा देल्ले, भाजाले सोपं जावं म्हनून!"

"जुने दिसतेत पन," धुरपता म्हणाली.

"जुनेच चांगले भाजतेत."

आणि तिनं ते भाजले. चुना असा उतरला की दुधाची साय. कुंताबाईला राहवेना. गल्लीत घरोघर डब्या भरून दिल्या. "विहीनबाईचा चुना हाय, जरा जपून लावा," असं तोऱ्यात सांगितलं.

पोरगा-सून आले. मारिसेल वाकून पाया पडली, वडे तळायला बसली. बायका बघायला जमल्या तशा दोघी-तिघी ओसरीवर टेकल्या. चहा झाला आणि धुरपतानं विचारलं, "तुहं गाव कसं हाय व, बाई?"

मारिसेलचं तोंड फुललं. ती सांगू लागली, अडलं तिथं भुपेंद्र जोडत गेला. तिच्या गावाचं नाव विगन. फार जुनं. तिकडे स्पेनच्या राजाचं राज्य होतं तेव्हापासूनची घरं तिथं अजून उभी आहेत, खाली विटांची आणि वर लाकडाची. चीनमधून व्यापारासाठी आलेली माणसं तिथंच रमली, त्यांनीही बांधली. रस्ता दगडांचा, त्यावर अजून घोड्याच्या गाड्या चालतात. माठ घडवायची माती तिथं रेड्याच्या पायांखाली तुडवून घेतात.

"आमच्या चिखलणीवानी!" धुरपता म्हणाली.

"और खिडकी," मारिसेल म्हणाली, "खिडकी शिंपल्याची."

काच सहज मिळत नव्हती, तेव्हा लोकांनी समुद्रातले शिंपले घासून पातळ केले, चौकोनी कापले आणि लाकडी चौकटीत बसवले. ऊन त्यातून गाळून आत येतं, डोळ्याला लागत नाही. तिच्या आईच्या घरची एक खिडकी कुजली, म्हणून उतरवावी लागली. "माँ की नानी उसी खिडकी में बैठती थी. माँ बोली, आधा शिंपला सास के घर दे. वहाँ खिडकी बना, तो तू दूर नहीं जाएगी."

लाखनीच्या प्रितम सुताराला भुपेंद्रनं चौकट सांगून ठेवली होती. तो उद्या येणार होता.

"माँ, वो पार्सल किधर है?"

कुंताबाईच्या गालात त्या वेळी तंबाखू होती. तिला लावलेला चुना त्याच शिंपल्यांचा होता. तिला गिळता येईना, थुंकता येईना. धुरपतानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं चहाचे कप गोळा करू लागली.

"आत हाय," कुंताबाई म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. भुपेंद्र मागोमाग आला. पार्सलचा रिकामा कागद आणि बाजूची चुन्याची डबी पाहिली, तसं त्याला सगळं कळलं.

"माय वो! काय करून ठेवलं हे?"

"मले काय माहीत, लोकं शिंपल्याची खिडकी करतेत म्हनून!"

"चूप राय. रस्त्यात फुटून चुरा झाला, असं सांगतो."

कुंताबाई चूप राहिली. तेच तिला पुढं जास्त लागलं. भाजलं ते अज्ञानात, पण चूप राहिली ती शहाणपणानं.

भुपेंद्रनं तसं सांगितलं, तरी मारिसेल रडली नाही. तिनं आईला व्हिडिओ लावला आणि फोन सासूच्या हातात दिला. पलीकडे एक बारीकशी, पांढऱ्या केसांची बाई. तिच्या बोलीत घाईघाईनं काहीतरी सांगत होती, पुन्हा पुन्हा छातीला हात लावत होती.

"माँ माफी माँग रही है," मारिसेल म्हणाली. "बोलती है, कागद में क्यों बाँधा, पेटी में रखना था. आपको दुख हुआ होगा."

कुंताबाईचा चेहरा काळाठिक्कर पडला. ती बाई तिकडे खिडकीत कोण बसायचं ते सांगू शकत होती. आणि इथं सानगडीला किल्ला आहे, पण कुंताबाई तिकडे आजवर फक्त शेण वेचायला गेलेली. कोणी बांधला, कधी बांधला, विचारावंसंही वाटलं नव्हतं. अशा बाईच्या हाती लोकांनी जुनी वस्तू द्यावी, आणि वर माफीही मागावी?

तिनं डबी फोनसमोर धरली. "विहीनबाई, रस्त्यात नाही फुटले. म्या भाजले."

"माय!" भुपेंद्र ओरडला.

"क्या बोली?" मारिसेलनं विचारलं. मग कुंताबाईनंच मोडक्या हिंदीत सांगितलं. "खिडकी मैंने जलाई. चुना बनाया. खाया. सबको खिलाया." आणि खोटं वाटू नये म्हणून जीभ काढून दाखवली.

मारिसेलनं आईला सांगितलं. पलीकडची बाई फोनसमोरून उठून गेली. बराच वेळ नुसता छताचा पंखा दिसत राहिला. मग आवाज आला.

"पूछती है, सब जलाया?"

"सब."

पलीकडचं ऐकून घेऊन मारिसेल हळू म्हणाली, "बोलती है, जो बचा है वो खाना मत. सँभालना."

सकाळी प्रितम रिकामी चौकट घेऊन दारात उभा होता आणि कुंताबाई गल्लीत वाटलेला चुना परत मागायला निघाली होती. मारिसेल वाटी घेऊन बरोबर आली. सासू नको म्हणाली, तरी आली. दिलेलं परत मागायची कुंताबाईला सवय नव्हती.

"देल्लं ते वापस?" पहिल्याच दारात ललिताबाईनं डोळे मोठे केले. कुंताबाईनं कारण सांगितलं. खरं तेच सांगितलं. पुढच्या घरीही सांगितलं. ती पोचायच्या आधीच तिची गोष्ट पुढच्या दारी पोचलेली असायची.

धुरपतानं डबी वाटीत उलटी केली, बोटानं कडासुद्धा निपटल्या. "घे व तुही खिडकी. पन एक तावदान माह्या पोटात गेलं, ते कसं काढू?"

आसपासच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुंताबाईनं वाटीच्या काठावर सांडलेला चुना बोटानं आत सारला.

"क्या बोली?" मारिसेलनं विचारलं.

कुंताबाईनं जसंच्या तसं सांगितलं. सून हसली नाही, रागावलीही नाही. एवढंच विचारलं, "अब कौन सा घर?"

कुंताबाईनं हात करून दार दाखवलं. सून वाटी घेऊन पुढं झाली, आणि ती मान खाली घालून तिच्या मागून चालू लागली.