जाळं मोबाइलवर आलं का गो?

चाकणला कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाकडे एवढे किस्से का साठतात, सांगू? बसमुळे! सकाळी पुनावळ्याला चढायचं, संध्याकाळी तिथंच उतरायचं आणि मधे कंपनीची बस एखाद्या चौकात अशी रुतून बसते की बोलण्यावाचून इलाज नसतो. मोबाइलची बॅटरी संपते, शेजारणीच्या डब्यातला चिवडा संपतो, मग उरतात ते किस्से. मी आमच्या डिपार्टमेंटचे सांगायला लागले की मागच्या सीटवरचे लोकही पुढे सरकतात. गंमत म्हणजे ते सगळे एकाच गोष्टीचे आहेत. कॉम्प्युटरवरच्या एका अ‍ॅपचे!

आमचं डिपार्टमेंट लहानसं. मशीनवर पार्ट घट्ट धरून ठेवणारी फिक्स्चर्स आम्ही डिझाइन करतो. साहेब सावंत सर, मूळचे सावंतवाडीकडचे, घर तळेगाव दाभाड्याला. माणूस कमी बोलणारा. पण प्रॉब्लेम आला की सर कॉम्प्युटरपाशी जाऊन ते अ‍ॅप उघडायचे. मधे एक गोल, त्यात प्रॉब्लेम लिहायचा. मग गोलातून फांद्या काढायच्या, फांद्यांच्या टोकाला आणखी गोल, ज्याला जे सुचेल ते त्यात. पंधरा मिनिटांत स्क्रीनवर कोळ्याचं जाळं! अ‍ॅपचं इंग्रजी नाव कुणाच्याच तोंडात बसलं नाही. आम्ही त्याला जाळंच म्हणायचो.

अडचण एकच. जाळं फक्त डेस्कटॉपवर चालायचं. आणि सरांना सगळं सुचायचं ते डेस्कपासून लांब! बसमध्ये, कॅन्टीनच्या लायनीत, दाढी करताना. रोज सकाळी आल्या आल्या मला पहिला प्रश्न, "पल्लवी, जाळं मोबाइलवर आलं का गो?"

*

एकदा सर भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. ऐन मुहूर्ताच्या वेळी वैभवला फोन! वैभव आमचा सगळ्यात तरुण इंजिनिअर, लातूरचा.

"वैभव, जाळं उघड. मधल्या गोलातून डावीकडे फांदी काढ. लिही, क्लॅम्प."

"लिहायलोय सर."

"त्याच्या खाली, स्प्रिंग ढिली."

"लिहायलोय सर. पण तुमच्याकडं आवाज लई व्हायलाय."

तेवढ्यात फोनमधून जोरात ऐकू आलं, "सावधान!" वैभवला वाटलं, सर आपल्यावर ओरडले. त्यानं निमूटपणे स्प्रिंगच्या खाली आणखी एक गोल काढला आणि टाइप केलं, 'सावधान'.

तेच जाळं पुढं कस्टमरच्या रिव्ह्यूला गेलं. कस्टमरचा इंजिनिअर बराच वेळ त्या गोलाकडे बघत बसला. शेवटी तो म्हणाला, "बाकीचे सप्लायर नुसता प्रॉब्लेम लिहितात. तुम्ही धोक्याची सूचनापण देता. व्हेरी गुड!"

तेव्हापासून आमच्या प्रत्येक जाळ्यात एक 'सावधान' असतोच.

*

मी आपला सोपा उपाय काढला. स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायचा, बसमध्ये बघत विचार करायचा. एके दिवशी तो फोटो सरांना पाठवायच्या ऐवजी चुकून घरच्या ग्रुपवर गेला. मधल्या गोलात होतं 'ऑइल गळती'. पण फोटो इतका हलला होता की अक्षरं लागतच नव्हती.

आईचा लगेच फोन. "पल्लवी, हे स्थळ कुणाचं गं?"

"कसलं स्थळ?"

"अगं, वंशावळ पाठवलीयस ना? मधे आजोबा दिसतायत. पण केवढं हे खटलं! एवढ्या माणसांत तू स्वयंपाक करणारेस का? नाही म्हणून कळव."

ऑइल गळतीला माझ्याकडून नकार गेला. आईला वाटलं, पोरगी पहिल्यांदाच आपलं ऐकतेय. खूश होती बरेच दिवस!

*

आता वैभवची करामत. त्यानं ऑफिसचा कॉम्प्युटर मोबाइलवरून चालवायची युक्ती शोधून काढली. सुट्टीवर लातूरला जाताना त्यानं बसमधून जाळं उघडलं आणि लागला फांद्या ओढायला.

इकडे ऑफिसात तात्या एकटेच होते. तात्या म्हणजे मेंटेनन्सचे जुने जाणते. कंपनीच्या शेजारच्याच गावचे. ते पंख्याचा स्विच बघायला आले आणि बघतात तर काय, वैभवच्या रिकाम्या खुर्चीसमोर माउसचा बाण आपोआप फिरतोय! गोल उमटतायत, अक्षरं येतायत!

दुसरा कुणी असता तर पळाला असता. तात्या शांतपणे खुर्चीत बसले, एकेक बटण शोधत त्यांनी रिकाम्या गोलात लिहिलं, 'कोन हाय'.

पलीकडून उत्तर आलं, 'मी वैभव'.

मग मात्र तात्या खुर्ची सोडून दाराशी गेले. पोरगं तर बसनं गावाला गेलेलं! त्यांनी थेट लातूरला वैभवच्या आईला फोन लावला. "ताई, पोरगं पोचलं व्हय? न्हाई? बसला काय झालं न्हाई ना? मला हितं त्याचं अक्षर दिसतंय वो!" त्या माउलीनं हंबरडाच फोडला.

वैभव घरी पोचला तेव्हा अर्धी गल्ली दारात जमलेली. आईनं आधी त्याला पोटाशी धरलं आणि मग एक सणसणीत ठेवून दिली.

सोमवारी आयटीवाल्यांनी ती सोय बंद केली. तात्यांनी वैभवला बाजूला घेतलं. आम्हाला वाटलं, आता शिव्या. तर तात्या म्हणाले, "भावा, पुन्यांदा आसं करायचं आसंल तर आदुगर 'मी जित्ता हाय' आसं लिहीत जा. मग काम."

*

मग आम्ही अ‍ॅप बनवणाऱ्यांनाच लिहायचं ठरवलं. परदेशातली कुठलीशी छोटी कंपनी. सरांनी कडक इंग्रजीत मेल केला. उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभार. पुन्हा मेल, पुन्हा आभार! ते लोक आभार मानायला थकेनात.

तात्या म्हणाले, "सायेब, आपल्या बोलीत लिवा. माणूस हाय ना तिकडं? समजंल त्याला." आणि त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं अ‍ॅपच्या सूचनापेटीत टाइप केलं. 'बाबांनो, जाळं झ्याक हाय. पन इचार काय माणूस टेबलाशी बसल्यावरच येतो व्हय? आमचं सायेब जिन्यात इचार करत्यात. मोबाइलवर द्या. तुमचा तात्या.'

चक्क मराठीत उत्तर आलं! मशीननं भाषांतर केलेलं, पण मराठीत. 'प्रिय तात्या, आपण योग्य आहात. माणूस टेबल नाही. आम्ही जिन्यावर काम करत आहोत.'

वैभव हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. तात्या मात्र गंभीर. "हसतो काय? कामाला लागल्यात बिचारे."

*

त्याच सुमारास सरांच्या घरी फार वाईट झालं. शैलावहिनींना अर्धांगाचा झटका आला. वहिनी म्हणजे दर दिवाळीला आमच्यासाठी खाजा आणि कडक बुंदीचे लाडू पाठवणाऱ्या, फोनवर सरांपेक्षा आमच्याशी जास्त बोलणाऱ्या. जीव वाचला. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं. शब्दही आत आहेत. ओठापर्यंत येण्याची वाट तेवढी तुटलीय.

आम्ही चिंचवडच्या हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. वहिनी काहीतरी मागत होत्या. सर विचारत होते, पाणी? उशी? पंखा? वहिनी प्रत्येक वेळी मान हलवायच्या, आणि शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सर आमच्याबरोबर बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये उभं राहून त्यांनी मला नेहमीचाच प्रश्न विचारला.

"पल्लवी, जाळं मोबाइलवर आलं का गो?"

इतकी वर्षं त्या प्रश्नावर मी हसत आले होते. त्या दिवशी मी मोबाइल काढून पुन्हा एकदा शोधून बघितलं.

सरांच्या डोक्यात काय होतं ते मग त्यांनीच सांगितलं. मधल्या गोलात वहिनी. भोवती फांद्या. पाणी, दुखतंय, भूक, मुलगी. प्रत्येक गोलात एक फोटो. वहिनींनी नुसतं बोट ठेवायचं. वैभवनं स्वतःचा लॅपटॉप नेला, पण तो मांडीवरून घसरायचा. मोबाइलवर तसली दुसरी अ‍ॅप्स होती, तीही त्यानं डाउनलोड करून दिली. त्यातली परकी चित्रं वहिनींनी डाव्या हातानं बाजूला सारली.

वहिनी घरी आल्या त्या रविवारी तात्यांनी पुतण्याचा टेम्पो काढला. कंपनीनं मोडीत काढलेला एक डेस्कटॉप त्यांनी रीतसर परवानगी घेऊन उचलला आणि तळेगावला नेऊन वहिनींच्या पलंगाशी मांडला. सरांनी जाळं काढलं. वहिनींची नजर एकेका गोलावरून फिरली. मग त्यांनी डावा हात उचलला आणि मुलीच्या फोटोवर बोट ठेवलं.

सरांनी तिथल्या तिथं मुलीला बाहेरगावी फोन लावला. आम्ही चपला घालून अंगणात जाऊन उभे राहिलो.

*

पुढच्या काही महिन्यांत जाळं वाढलं. त्यात तुळस आली, शेजारच्या काकू आल्या, कपाटातली निळी साडी आली. आणि वहिनी काठी घेऊन चालायलाही लागल्या. पण एक नवीनच पंचाईत झाली. वहिनी घरभर फिरायच्या आणि त्यांचे शब्द मात्र पलंगाशी! स्वयंपाकघरात सर आमटी करत असायचे, वहिनी दारात उभ्या राहून बघायच्या. काही सांगायचं असलं की काठी टेकत टेकत खोलीत जायच्या, सरांना मागून यायला लावायच्या आणि बोट ठेवायच्या, 'मीठ'. तोवर आमटी उतू!

सर हे ऑफिसात हसत सांगायचे. पण सांगून झालं की चष्मा पुसायचे.

मग एका दुपारी माझ्या मेलमध्ये मराठी पत्र. 'प्रिय तात्या, जिना पूर्ण झाला आहे. आता टेबल नको.' मोबाइल आणि टॅब्लेट दोन्हीवर!

मी धावत मेंटेनन्सला गेले. तात्या मशीनखाली आडवे झाले होते. तिथूनच ओरडले, "सांग सायबास्नी! माझी वाट नको बघू!" सर शॉपफ्लोअरवर होते. वैभवनं त्यांना सांगितलं, तसे ते हातातलं सगळं तिथंच ठेवून सरळ गेटकडे निघाले. रजा नाही, पंचिंग नाही. चाकणला सावंत सर असे वेळेआधी बाहेर पडलेले कुणी कधी पाहिले नव्हते. सिक्युरिटीवाल्यानं अडवलं, तर म्हणाले, "टॅब्लेट घ्यायला जातोय." त्यानं सहानुभूतीनं विचारलं, "डोकं दुखतंय का सर?"

*

यानंतरची एक सकाळ. सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. चेहरा असा की मुलीचं लग्नच ठरलं असावं.

"कशाचे पेढे, सर?"

"बायको भांडली!"

सरांनी पिशवीतून टॅब्लेट काढला. "काल मी आंघोळ करून आलो, तर हे माझ्या ताटाशेजारी ठेवलेलं. तिचं तिनं केलंय. मी हातसुद्धा लावला नाही."

नवीन जाळं होतं. मधल्या गोलात सरांचा स्वतःचा फोटो, तोही पाठीमागून काढलेला. आणि चारी बाजूंनी फांद्या! एका गोलात पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलचा फोटो. एकात उघडं राहिलेलं फ्रिजचं दार. एकात करपलेली कढई. एकात टीव्हीवरची आवाजाची पट्टी, पूर्ण भरलेली. एकात तुळस, माना टाकलेली.

तात्या एकेक गोल बघत होते आणि मान डोलवत होते. "काय झ्याक भांडत्यात वहिनी! एक बी खोटं न्हाई."

"एकही नाही!" सर म्हणाले. एवढं मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वैभव स्क्रीन मोठी करून कोपऱ्यात काहीतरी बघत होता. तिथं एक गोल एकटाच होता. कुठल्याच फांदीला न जोडलेला. त्यात फोटो नव्हता. त्यात अक्षरं होती, एकेक शोधून टाइप केलेली.

'दमलत'.

"सर, इथं काना राहिलाय," वैभव म्हणाला. "दमलात असं पाहिजे ना? देऊ का?"

सरांनी टॅब्लेट त्याच्या हातातून काढून घेतला, पदरात बाळ घ्यावं तसा.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "पेढा घे."