साहेबाच्या दगडाला शेंदूर

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालची गोष्ट. मी पहिलटकरीण, म्हणून सासूने मला तेल्हाऱ्याच्या वाटेवरच्या दगडापाशी नेलं. हा मुलूख मोजायला पहिल्यांदा आलेला गोरा साहेब तिथेच तापाने मेला होता. त्याच्या लोकांनी त्याच्या नावाचा दगड उभारला, आमच्या लोकांनी त्याचा देव केला. मला पटत नव्हतं, पण सासूपुढे बोलणार कोण?

तिने शेंदूर फासला, नारळ फोडला, तोच घोड्याच्या टापा वाजल्या. दुसराच एक साहेब! आम्ही बाभळीमागे लपलो. आता चाबूक बसणार, असंच मला वाटलं. त्याने दगड पाहिला, टोपी काढली, मान खाली घातली आणि निघून गेला.

माझा जीव भांड्यात पडला. सासूने मात्र धावत जाऊन दगडापुढे डोकं टेकलं.

“साहेबबी ज्याले भेते, त्याच्यापुढं आपण नुस्ता नारळच फोडला वं!”