शैलाताईंची शिट्टी

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या इमारतीत दर अर्ध्या तासानं शिट्टी वाजायची. कसबा बावड्यात, कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची तीन मजली इमारत आहे. सकाळी दहाला सुरू झालेली शिट्टी जेवणाच्या वेळेपर्यंत आणि मग पुन्हा चार ते सहा. शिट्टी झाली की बारा घरांतल्या बायका, हाताला पीठ आणि कपाळावर घाम अशा अवतारात गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या आणि खाली अंगणातल्या शैलाताईंना हात वर करून दाखवायच्या. हजेरी झाली की ताई ओरडायच्या, "कंबर मागं वाकवा! खांदं फिरवा! आता जावा!" ती शिट्टी मी शिकवतो त्या शाळेतल्या पीटीच्या सरांकडून मीच आणून दिली होती, आणि सुट्टीतली झोप मोडायची तीही माझीच.

शैलाताई फिजिओथेरपिस्ट. मूळच्या उचगावच्या, आमच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात त्यांचा दवाखाना. चाळिशीच्या, उंच, आवाज असा की तिसऱ्या मजल्याला फोन करायची गरज पडू नये. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्याही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. माळा झाडताना कुणाची मान अवघडायची, शंकरपाळी लाटून कुणाचं मनगट सुजायचं, जमिनीवर चार तास बसून कुणाचे गुडघे उठायलाच तयार नसायचे. ही सगळी गर्दी पाडव्यानंतर आपल्याकडंच येणार, हे ठाऊक असून ती येऊ नये म्हणून आधीपासून शिट्ट्या मारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी एकदा तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "आम्ही बौद्ध, सर. दिवाळी आमच्यात न्हाई. ह्या आठवड्यात अख्ख्या इमारतीत एकटं माझंच डोकं ठिकाणावर असतंय, मग कुणीतरी बघायला नको?"

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती माळ्यावरची पितळी भांडी उतरवताना माझी कंबर धरली तेव्हा. मी गाळ्यात शिरलो, पाठीवरून सगळीकडं हात फिरवला आणि म्हणालो, "इथं सगळं भरून आलंय." त्या उसळल्याच.

"भरून आलंय म्हंजे काय? पाण्याची टाकी हाय काय? हात दुखला, भरून आलाय. पाठ दुखली, भरून आल्या. ह्या एका शब्दानं माणसं घालवल्यात, सर. बोट ठेवा. एकच बोट. पंजा न्हवं."

मी मराठीचा शिक्षक. शब्दावरून मला आजवर कुणी असं झापलं नव्हतं. मुकाट्यानं बोट ठेवलं. त्यांनी नेमका तिथंच अंगठा दाबला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून बाहेर बसलेल्या दोन बायका उठून घरी गेल्या. "बघा, बोट ठेवता येतंय ते दुखणं माझं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बोट ठेवता येत न्हाई, त्याला मी हात लावत न्हाई. ते मोठ्या दवाखान्याचं."

माझ्या आईचं आणि त्यांचं पटणं अवघडच होतं. आई बहात्तर वर्षांची, तळण जमिनीवरच करणार, तेही शेगडी खाली घेऊन. ताई म्हणायच्या, "मावशी, गॅस वट्यावर घ्या, गुडघं वाचतील." आई म्हणायची, "तुझ्या शिट्टीवर उठाय-बसाय मी काय शाळंत हाय?" असं म्हणायची आणि शिट्टी झाली की गॅलरीत जाऊन हात अर्धाच वर करायची. पण जायची, एकही हजेरी चुकवायची नाही. आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. आई दर वर्षी ताईंना फराळाचं ताट भरून खाली पाठवायची, पण फराळ चालू असताना 'आत ये' असं तिनं त्यांना कधी म्हटलं नव्हतं. ताईंना ते कळत होतं. मलाही कळत होतं आणि मी गप्प होतो.

त्या वर्षी धनत्रयोदशीला सकाळची साडेअकराची शिट्टी झाली आणि आई गॅलरीत गेली नाही. मी तिच्या खांद्याला मलम चोळत बसलो होतो. सकाळपासून चकल्यांसाठी सोऱ्या फिरवून हात भरून आलाय, असं ती म्हणाली होती आणि मी, तो शब्द ऐकूनही, अर्धा तास इमानेइतबारे चोळत होतो. माझी बायको सुनंदा तळत होती. तिला सासूबाईंचा चेहरा बरा वाटेना म्हणून तिनं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोनही लावला होता. ते म्हणाले, सणाचं तेलकट झालं असेल, गॅसची गोळी द्या. आम्ही गोळी दिली.

एवढ्यात जिन्यात चपलांचा आवाज आला. हजेरी चुकली म्हणून ताई भांडायलाच वर आल्या होत्या. "मावशी, हात मोडलाय का वर कराय?" असं ओरडतच त्या आत आल्या आणि दाराशीच थांबल्या. मग चपला उंबऱ्याबाहेर टाकून सरळ स्वयंपाकघरात येऊन आईच्या समोर उकिडव्या बसल्या.

"काय दुखतंय?"

"काय न्हाई ग. सोऱ्या फिरवून हात भरून आलाय."

"सोऱ्या कुठल्या हातानं फिरवतासा?"

"उजव्या."

"मग डावा कशानं भरला?"

माझे हात आईच्या डाव्या खांद्यावर होते, मलमानं चिकट झालेले. अर्ध्या तासात हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

"बोट ठेवा, मावशी. कुठं दुखतंय तिथं एक बोट."

आईनं हात उचलला, खांद्यापर्यंत नेला, तिथून खाली आणला आणि अख्खा पंजा छातीवर ठेवला. बोट तिला ठेवताच येईना. ताईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा पंजाच. आणि मग मला दिसलं की आईच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आहेत, आणि ते शेगडीच्या धगीचे नाहीत.

ताईंचा आवाज एकदम खाली आला. इतक्या हळू त्या बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं. "सर, हे माझं दुखणं न्हवं. आत्ता निघायचं."

"कुठं?" आई म्हणाली. "सणाच्या दिवशी दवाखान्याची पायरी मी चढणार न्हाई. आणि पीठ भिजवलंय, आंबंल की."

"पीठ आंबलं तर टाकून देता येतंय, मावशी."

मी म्हणालो, "डॉक्टर तर गॅस म्हणाले." ताईंकडं ना यंत्र होतं, ना त्या डॉक्टर. एका पंजावरून त्या एवढं बोलत होत्या. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता, आणि मनात एकच चाललं होतं की ही बाई चुकीची ठरू दे.

ॲम्ब्युलन्सला फोन केला तर गाडी यायला वेळ लागेल म्हणाले. इमारतीला लिफ्ट नाही. आई उठायला लागली तशी ताईंनी तिला खांदा धरून बसवलं. "एक पायरी बी उतरायची न्हाई." दुसऱ्या मजल्यावरचे पाटील धावत आले. आम्ही दोघांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. प्रत्येक मजल्यावर बायका दारात उभ्या. आई पदर तोंडावर ओढून म्हणत होती, "माझी मिरवणूक काढलीसा रं, जित्तेपणी." मला रडू येत होतं आणि खुर्ची तिरकी होऊ द्यायची नव्हती.

ताईही बसल्या, पाटलांची गाडी निघाली आणि लाईन बाजाराजवळ अडकली. ऊस भरलेले दोन ट्रॅक्टर, त्यांच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, कडेला आकाशकंदिलांचे स्टॉल, आणि मधल्या जागेत जिल्ह्यातल्या सगळ्या मोटारसायकली. गाडी इंचभर हलेना. आई डोळे मिटून बसली होती. मी विचारलं, "आई, कसं वाटतंय?" ती म्हणाली, "सुनंदाला फोन कर. कढई उतर म्हणावं, तेल जळंल." एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं.

ताई दार उघडून खाली उतरल्या. गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि गाडीपुढं चालत निघाल्या. "पावणं, ट्रॉली कडंला घ्या! ओ दादा, गाडी मागं! आत पेशंट हाय, दिसत न्हाई व्हय?" मध्येच एका कंदीलवाल्याचा बांबू त्यांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवला. अंगावर घरचा सलवार-कुडता, पायांत काही नाही, चपला आमच्या दारातच राहिलेल्या. लोकांना काय वाटलं कोण जाणे, पण वाट होत गेली. पाटील पहिल्या गिअरवर त्यांच्या मागं मागं. मी एक हात आईच्या पाठीशी धरून ती शिट्टी ऐकत होतो आणि ती थांबू नये असं पहिल्यांदाच मला वाटत होतं.

दवाखान्यात आईचा कार्डिओग्राम काढला आणि तो कागद पुरता बाहेर यायच्या आत तिथल्या माणसांची चाल बदलली. कुणी धावलं, कुणी माझी सही घेतली, कुणी आईच्या हातातल्या बांगड्या उतरवून माझ्या मुठीत दिल्या. हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, रस्ता मोकळा केलाय, वेळेत आणलंत. मी मागं वळून बघितलं. ताई बाकड्यावर बसल्या होत्या, तळपाय काळे, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरलेले. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, सर. आधी मला कुणाच्यातरी चपला बघून द्या."

आई आठ दिवसांनी घरी आली. पुढच्या दिवाळीत ती खुर्चीवर बसून सुनंदाला हुकूम सोडत होती आणि दुसरी खुर्ची तिनं स्वयंपाकघरातच मांडायला लावली होती, ताईंची. दोघी तिथं बसून भाजणीवरून भांडायच्या. शिट्टी चालूच होती. आता आई पूर्ण हात वर करायची, आणि शेजारणींनाही दटावायची.

इथं संपलं असतं तर मला लिहायला बरं वाटलं असतं. पण त्याच दिवाळीत, भाऊबीजेला, बहिणीनं आणलेल्या करंज्या, वर मटणाचं जेवण आणि त्यावर पुन्हा चिवडा असा बेत झाल्यावर दुपारी माझी छाती दाबल्यासारखी झाली. घाम फुटला. आईनं गॅलरीतून हाक मारली आणि ताई वर आल्या.

"बोट ठेवा, सर."

मी बोट ठेवू गेलो, पण गेल्या वर्षीचं सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं आणि हात आपोआप पसरून छातीवर पडला. पुढचं काय सांगायचं? तीच खुर्ची. आई चाळीस किलोची होती, मी नव्वद. चार जणांनी उचललं, दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा एक पाय वाकला, आणि सगळ्या गल्लीनं मला तिरक्या अंगानं खाली उतरताना पाहिलं. मी मनातल्या मनात सुनंदाला कुठली कागदपत्रं कुठं आहेत ते सांगत होतो. दवाखान्यात दोनदा कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं, आणि संध्याकाळी एक तरुण डॉक्टर हसू दाबत म्हणाला, "सर, हृदय उत्तम आहे. जरा कमी खात जा."

गल्लीला महिनाभर पुरलं. पानपट्टीवाला विचारायचा, "सर, पुढची मिरवणूक कधी?" शाळा सुरू झाली तर नववीच्या वर्गात फळ्यावर खुर्चीचं चित्र. माझं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी मी तडक गाळ्यात गेलो. ताई एका बाईंचा गुडघा हातात घेऊन बसल्या होत्या, बाकड्यावर आणखी तिघी. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "डॉक्टर नाही तर डॉक्टरकी कशाला करता? तुमच्यामुळं गावभर माझं हसं झालं." ज्या बाईनं माझी आई मला परत दिली तिला मी हे बोललो. आजही आठवलं की कान गरम होतात. त्यानंतर चार महिन्यांनी त्यांच्या नवऱ्याला वारणानगरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि त्या तिकडं गेल्या. आता दिवाळीत फोन येतो, पण तो आईला.

त्या संध्याकाळी त्यांनी मान वर केली नाही. गुडघा हळूच खाली ठेवला, हाताचं तेल पुसलं. मला वाटलं आता त्या खास त्यांच्या आवाजात मला धुऊन काढणार. पण त्या हळूच बोलल्या, धनत्रयोदशीला बोलल्या होत्या तशा.

"सर, गेल्या साली दवाखान्यात त्या बाकड्यावर बसून मी एवढंच मागत हुतो. माझी चूक निघू दे. मावशींचा गॅसच निघू दे, आणि सगळ्या गल्लीत माझं हसं होऊ दे. तवा न्हाई झालं. यंदा झालं." आणि त्या पुन्हा त्या बाईंच्या गुडघ्याकडं वळल्या. "हां, ठेवा बोट."