पंचाचा चहा

पंच व्हायचा मान मला पहिल्यांदा मिळाला तो आणीबाणी उठली त्या वर्षी, आणि तोही माझ्या अकलेमुळे नव्हे. दिघोरीकडच्या आमच्या गावातले एक जुने पंच अंथरुणाला खिळले होते, आणि मी पडलो शाळामास्तर. म्हणजे याचं कुणाशी वाकडं नाही, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. मी दोन दिवस मान ताठ करून फिरलो.

भांडण धुऱ्याचं, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचं. एकीकडे गावातला मोठा शेतकरी. दुसरीकडे बौद्ध वस्तीतला एक मजूर; त्याची धानाची एकच बांधी, भाताचं एवढंसं खाचर. दरसाली धुऱ्यावर चिखल चढवता चढवता शेतकऱ्यानं तो दोन हात या बांधीत सरकवला, असं मजुराचं म्हणणं. त्या धानावर त्याची चूल निम्मं वर्ष पेटायची.

सकाळी आम्ही पाचही पंच आधी शेतकऱ्याकडे गेलो. चहा आला. बाकीचे चौघे बशीत ओतून भुरकायला लागले. मी हात जोडले आणि सांगितलं, आज मी पंच आहे, निकाल लागेपर्यंत कुणाच्याच घरचं घेणार नाही. शेतकरी हसला. त्याच्या घरचा चहा मी वर्षानुवर्षं प्यालेलो. एक चुकला तर त्याचं काय जाणार होतं!

मग मजुराच्या घरी. तिथंही चहा आला, नव्याकोऱ्या कपबशांत. चौघांनी 'आत्ताच झाला' म्हणत हात हलवले. मला असा संताप आला! खोटारडे लेकाचे. मी मात्र माझं तत्त्व सांगितलं, तेच, तितक्याच तोऱ्यात.

मजुराची बायको कपबशा उचलत म्हणाली, "पंच नव्हते तेव्हा तरी कधी घेतला जी, गुरुजी?"

सहा वर्षं तिची पोरं माझ्या शाळेत होती. त्या दारावरून मी रोज जात होतो. लाजेनं मला तोंड वर करवेना.

दुपारी धुरा मोजला. जुन्या हद्दीचा दगड चिखलाखाली निघाला आणि निकाल मजुराच्या बाजूनं द्यावाच लागला. मी तडक त्याच्या घरी गेलो. म्हटलं, टाका आता चहा, आता मी पंच नाही.

त्यानं बाज झटकून मला बसवलं, पण बायकोला चूल पेटवू दिली नाही.

"राहू द्या जी," तो म्हणाला. "आता तुमी पेले तं गाव म्हणन, चहा पाजून धुरा घेतला."