पडद्याखालचे पाय

पडद्याच्या फटीतून एक मनगट बाहेर आलं होतं आणि मी ते धरून बसलो होतो. मनगटात हिरव्या बांगड्या. मनगटाची मालकीण पडद्याआड, आणि तिच्या वतीने बोलणाऱ्या तिच्या सासूबाईही पडद्याआडच.

"नाडी काय म्हन्ती, डाक्टर?"

नाडी काहीच म्हणत नव्हती, झकास चालली होती. पण एवढ्या मोठ्या घरात बोलावलं म्हटल्यावर काहीतरी म्हणणं भाग होतं. मी "हं" म्हणालो. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षात हा शब्द मला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

साठचं दशक सरत आलं होतं. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक. घर होतं राजगडाच्या अंगाच्या एका गावातलं, चांगल्या भातखाचरांचं. घरात गोषा पाळत. म्हणजे बायकांनी परक्या पुरुषापुढे यायचं नाही, अंगणातसुद्धा उतरायचं नाही. गावातल्या बाकीच्या बाया चिखलात लावणी करत, गवताचे भारे वाहत. या घरच्या बायका मात्र माजघरात. जितकं घर मोठं, तितकी बाई आत.

आजारी होती धाकटी सून, सुमन. दोन मुलांची आई. कंबर दुखे, मांड्या भरून येत, खाली बसली की उठता येत नसे. घरात निम्म्यांचं मत 'नाटकं करती', उरलेल्यांचं 'बाहेरचं लागलंय'. सासरे, म्हणजे तात्या, मला बाजूला घेऊन म्हणाले, "डाक्टर, सरळ सांगा. पोरगी उभी ऱ्हानार का न्हाई? न्हाईतर म्हायेरी धाडतो आन् धाकट्याचं दुसरं बघतो."

मी घाबरलो. घाबरलेला डॉक्टर ठामपणे बोलतो. "संधिवात," मी म्हणालो. "पूर्ण आराम. वारं लागू देऊ नका, ऊनही नको."

आजवर दिलेल्या सल्ल्यांपैकी एवढा तंतोतंत पाळला गेलेला दुसरा आठवत नाही. माजघरात एकच झरोका होता. तात्यांनी त्यात गोणपाट कोंबलं.

महिन्याभराने निरोप आला की सूनबाईंना आता कूसही बदलवत नाही.

मी एस.टी. पकडून भोर गाठलं. तिथे आमचे मोठे साहेब बसत. साहेबांचा आवाज नेहमी शांत असे आणि त्यामुळेच त्यांची जास्त भीती वाटे.

"बाई चालते कशी?" त्यांनी विचारलं.

"ते पाहिलं नाही, सर."

"मग काय पाहिलंत?"

"मनगट."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाळंतपणं झालेली, घराबाहेर न पडणारी बाई. कंबर, मांड्या दुखतात. उठता येत नाही. आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"ऊन लागू देऊ नका, असं."

"म्हणजे रोग्याला तुम्ही रोगच लिहून दिलात."

मग मला कॉलेजातलं ते लेक्चर आठवलं, ज्याला मी मागच्या बाकावर झोपलो होतो. आपल्या कातडीवर ऊन पडलं की शरीर 'ड' जीवनसत्त्व तयार करतं. अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडात बसवायचं काम त्याचं. ते कमी पडलं की हाडं मऊ होतात. लहान मुलांना त्यामुळे मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांना होतो त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. हाडं ठणकतात, मांड्यांतली ताकद जाते आणि माणूस बदकासारखा डुलत चालतो. त्यात प्रत्येक मूल आईच्या हाडांतला चुना घेऊन जन्माला येतं.

"आधी तिला चालताना पाहा," साहेब म्हणाले.

सांगायला सोपं होतं. मी तात्यांच्या घरी जाऊन म्हणालो, "सूनबाईंना चालताना बघायचंय."

पडद्याआडून सासूबाई कडाडल्या, "बघायचंय? डाक्टर हाय का सोयरिकीला आलाय?"

बरीच घासाघीस होऊन तोडगा निघाला. पडदा वीतभर वर घ्यायचा. त्यामागे दोन जावांचा आधार घेऊन सुमनताई चालणार, मला फक्त पावलं दिसणार. बसून काही दिसेना, म्हणून मी सरळ जमिनीवर पालथा पडलो आणि गाल शेणाच्या जमिनीला टेकवला.

पावलं आली. एक टेकलं, सगळा भार त्याच्यावर गेला, मग दुसरं फरफटत बाजूने पुढे आलं. डावीकडे झोल, उजवीकडे झोल. बदक! मला इतका आनंद झाला की मी ओरडलो, "वा! फारच सुंदर!"

त्याच वेळी तात्या दोन पाहुण्यांना घेऊन ओसरीवरून आत आले. सरकारी डॉक्टर आपल्या माजघराच्या पडद्याखाली डोकं घालून सुनेच्या पावलांना दाद देतोय, हे त्यांना दिसलं.

पुढचा काही वेळ मी आयुष्यातलं सर्वांत भरभर वैद्यकशास्त्र बोललो.

पडदे लावलेल्या जीपमधून सुमनताईंना पुण्याला नेऊन हाडांचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढला. खुब्याजवळच्या हाडात मऊपणाची रेघ स्पष्ट होती. औषध मिळालं. जीवनसत्त्वाची तेलकट इंजेक्शनं, चुन्याच्या गोळ्या, दूध. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. भांडण झालं ते उन्हावरून.

"हात-पाय, पाठ उघडी टाकून उन्हात बसायचं," मी सांगितलं.

"कुठं? चावडीवर?" सासूबाई.

"परसात. चारी बाजूंनी तट्ट्या उभ्या करा. वरून फक्त आभाळ."

"आन् वरनं कुनी बघितलं म्हंजी?"

"वरून कोण बघणार, आईसाहेब?"

"घारी न्हाईत व्हय?"

इथे तात्या हसले. ते हसले म्हणजे निम्मं काम झालं. बांबूच्या तट्ट्या उभ्या राहिल्या. पाऊस सरून स्वच्छ ऊन पडलं होतं. सुमनताईंवर पहारा करायला सासूबाई स्वतः आत बसू लागल्या. पहारा करता करता त्यांची पाठ शेकली आणि गेली कित्येक वर्षं धरलेली कंबर सैल वाटू लागली. मग थोरल्या जावेला आठवलं की आपलेही गुडघे दुखतात. एक नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती, ती आली तशी तट्ट्यांआड गेली. तिथून हसण्याचे असे लोट येऊ लागले की तात्यांना ओसरीवर पंचायतीचं बोलणं करता येईना.

"डाक्टर," ते मला म्हणाले, "दुखणं एकीचं आन् औशध लागू पडलं घरादाराला. सैपाक कोन करायचा?"

"थंडीभर चालू द्या," मी म्हणालो.

शिमग्याच्या सुमाराला सुमनताई कुणाचाही हात न धरता उठल्या. पुढल्या पावसाळ्यात जिना चढून माडीवर जाऊ लागल्या. धाकट्याचं दुसरं बघायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. उलट सासूबाईच गावभर सांगत, "आमची सून नाटकं करत न्हवती, बरं का. फोटूत आलंय तसं." नाटकाचा शोध मुळात कुणी लावला होता, हे विचारायची हिंमत गावात कुणातच नव्हती.

साहेबांना मी बातमी दिली. ते म्हणाले, "छान. आता पुढच्या रोग्याचं मनगट सोडून काहीतरी पाहा."

तेव्हापासून मी येईल त्याला आधी चालायला लावतो. ताप असो, खोकला असो, "जरा दारापर्यंत जाऊन या" म्हणतो. लोक माझी टिंगल करतात. एकदा नसरापूरचा एक गृहस्थ दात दुखतो म्हणून आला. त्यालाही म्हटलं, दारापर्यंत चालून दाखवा. तो दारापर्यंत गेला आणि तसाच पुढे निघून गेला, परत आलाच नाही.

चाल मात्र उत्तम होती.