कमळीच्या तेलाचा दिवा

पडदा वर जातो. डहाणूतलं एक बैठं घर, तिन्हीसांजेची वेळ. देव्हाऱ्यात दिवा छान तेवतो आहे आणि दाराशी साठीची एक बाई पायाने आपल्या चपला चाचपून शोधते आहे. चपला समोरच आहेत.

ही सुनंदा, माझी शेजारीण. तिचा नवरा श्यामकांत रेल्वेतून निवृत्त झालेला. मी उभी हयात रंगभूमीवर सवती रंगवल्या, तोंडाला रंग फासून मत्सर केला. सुनंदाचा मत्सर बिनरंगाचा, अस्सल होता. मी तिच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

तो मत्सर सगळा एकाच व्यक्तीसाठी राखलेला: धाकटी जाऊ कमळी. कमळी उधव्याला शेती करते. पन्नाशी ओलांडली तरी सडसडीत, केस काळेभोर. एका बारशात कुणीतरी सुनंदाला विचारलं, "ही तुमची मुलगी का?"

झालं! घरी येताच सुनंदाने तेलाचा डबा माळ्यावर टाकला. फोडणी बंद, तूप बंद, नरपडची मासळी बंद, दूधसुद्धा साय काढून. शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा ढीगभर खायची, पण नुसत्या पाण्यात उकडून.

"मावशी, बघाच," मला म्हणाली, "कमळीला मागे टाकते की नाही!"

कमळी दरवर्षी घरच्या खुरासणीचं तेल घाण्यावरून काढून आणायची आणि जावेला बाटली पाठवायची. सुनंदा ते देवापुढच्या दिव्यात ओतायची. "तिचं तेल माझ्या पोटात जायचं नाही."

दोनेक वर्षांत ती बारीक झाली खरी. पण कातडी कोरडी पडली, केस विरळ झाले आणि दिवस कलला की तिला दिसेनासं झालं. हे तिने फक्त मला सांगितलं, तेही शपथ घालून. कारण कमळीच्या मुलाचं, दर्शनचं लग्न ठरलं होतं. नवरानवरी दाराशी आले की थोरल्या जावेने ओवाळायचं, ही त्यांच्या घरची रीत.

"कमळीला कळलं, तर ताट तिच्या हातात जाईल. मेले तरी देणार नाही."

उधव्याला मीही गेले. वरात दाराशी आली आणि वीज गेली. अंगणात दोन कंदील. सगळ्या पुरुषांच्या डोक्याला एकसारखे गुलाबी फेटे. सुनंदा ताट घेऊन रुबाबात पुढे झाली, कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात पेढा भरवला.

"काकू," पेढा चघळत फेटेवाला म्हणाला, "मी दीपक. गाडीचा ड्रायव्हर!"

अंगण खदखदून हसलं. नवरा दोन हात पलीकडे उभा होता. कमळी पुढे आली. तिने ताट घेतलं नाही. जावेचा कोपर धरून तिला दर्शनसमोर उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हसता काय? ज्याने सुखरूप आणलं, त्याला आधी ओवाळलं. जाऊबाईंना कळतं!"

माझ्या मंडळात अशी सांभाळून घेणारी नटी असती, तर मी तिच्या पाया पडले असते.

दुसऱ्या दिवशी कमळीनेच तिला डहाणूला डॉक्टर पूर्वीबेनकडे नेलं. मीही सोबत होते.

"सुनंदाबेन, पाला-गाजर खाता ते उत्तम," पूर्वीबेन म्हणाल्या, "पण त्यातून मिळणारं अ जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, पाण्यात नाही. जेवणात थोडं तरी तेल-तूप नसेल, तर ते आतड्यातून अंगात नीट शिरत नाही. ड, ई आणि के यांचंही तसंच. यकृतात साठा होता, तोवर चाललं. तो संपला, तसे डोळे अंधारात हरले. औषध देते. आणि रोज भाजीला फोडणी द्यायची."

"मग मी पाठवते त्या तेलाचं काय करता?" कमळीने विचारलं.

सुनंदा जमिनीकडे बघत म्हणाली, "देवाच्या दिव्यात घालते."

"तरीच! देवाला सगळं दिसतंय, नि तुम्हाला ड्रायव्हर!"

पूर्वीबेनही हसल्या. सुनंदा हसली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या घरातून पुन्हा फोडणीचा वास येऊ लागला, खुरासणीच्या तेलाचा.

परवा संध्याकाळी कमळी नवी बाटली घेऊन आली. अंधारून आलं होतं, ओटीवरचा दिवा अजून लावायचा होता. दोघी जावा ओटीवर बोलत बसल्या, मीही शेजारी होते. कमळी निघाली. ती वळणापलीकडे जाईपर्यंत सुनंदा कशीबशी गप्प राहिली, मग माझ्या कानाशी वाकली.

"मावशी, औषध लागू पडलं हं! एवढ्या अंधारात मला तिच्या भांगातलं दिसलं. मुळाशी सगळं पांढरं आहे. कलप लावते मेली!"